शेजारच्या भूखंडावरचे खोदकाम आणि आपली भिंत

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागात, विटांच्या भारवाहक भिंतींच्या एका ४ मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत सुमारे ९० वर्षांची आहे. शेजारच्या भूखंडावरच्या, आमच्याच वयाच्या दोन इमारती गेल्या महिन्यात पाडल्या गेल्या. तेथे ३४ मजल्यांचा आणि खाली ४ तळघरे असलेला सदनिकांचा टॉवर होणार असल्याचा फलक लागला आहे. पाडकाम सुरू झाले त्या दिवसापासून मी रोज सकाळी खिडकीतून एक छायाचित्र काढते आणि वहीत दोन ओळी लिहिते. मुलाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. शेजारी म्हणतात की आता आपली इमारत काही टिकत नाही. गेल्या आठवड्यात कोणीतरी येऊन आमच्या दर्शनी भिंतीवर काचेचे छोटे डोळे बसवून गेले. माझ्या खिडकीच्या वर दोन बारीक भेगा आहेत. त्या पूर्वीपासून होत्या की आता पडल्या, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी घाबरावे का? माझी वही कोणाच्या उपयोगी पडावी यासाठी तीत काय लिहावे? आणखी एक विचारते, पण संकोच वाटतो. ज्या इमारतीला आम्ही सर्वांनी विरोध केला, तिचे काम पाहणे मला आवडू लागले आहे. हे चुकीचे आहे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी वहीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच एक प्रश्न थांबू शकणारा नाही. पाडकाम संपले आहे आणि खोदकाम अजून सुरू व्हायचे आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. हा मधला काळ बहुधा काही आठवड्यांचाच असतो आणि आपल्या इमारतीच्या दृष्टीने संपूर्ण बांधकामातला सर्वांत मोलाचा काळ हाच आहे. खिडकीतून रोज काढता ते छायाचित्र काढत राहा. पण आधी कॅमेरा घराच्या आत वळवा. शेजारी काय उभे राहते आहे याच्या नोंदी विकासक, कंत्राटदार, अभियंते आणि नगर प्रशासन असे अनेक जण ठेवणार आहेत. आपली भिंत खोदकामापूर्वी कशी होती, याची नोंद मात्र आपल्या बाजूने आपल्याखेरीज कोणीही ठेवणार नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे एक अनुभव आहे. जुन्या इमारतींची तपासणी करण्याच्या कामात, एका खोल खोदकामाला लागून असलेल्या इमारतीतल्या रहिवाशांनी मला एकदा भेगांची जाडजूड छायाचित्रवही दाखवली. छायाचित्रे उत्तम होती, पण सगळीच्या सगळी खोदकाम सुरू झाल्यानंतरची होती. समोरच्या पक्षाच्या अभियंत्याने पहिल्याच बैठकीत एका मोठ्या भेगेवर भिंगातून प्रकाश टाकला आणि भेगेच्या आत उतरलेला जुना रंग सर्वांना दाखवला. रंग आत उतरला म्हणजे रंगकामाच्या वेळी भेग तेथे होतीच. ती भेग खरोखर जुनी होती. परंतु तिच्यामुळे बाकीच्या भेगांवरचाही विश्वास उडाला. त्यांतल्या निदान निम्म्या नव्या होत्या, असे माझे आजही मत आहे. पण ते सिद्ध करण्यासाठी लागणारे एकही आधीचे छायाचित्र कोणाकडे नव्हते. त्या रहिवाशांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. त्यांनी भिंतीकडे पाहायला सुरुवात उशिरा केली, एवढेच.

आपल्या खिडकीवरच्या दोन भेगांची परीक्षा आपण स्वतः करू शकता. चांगल्या टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून भेगेच्या कडा पाहा. जुन्या भेगेच्या कडा बोथट झालेल्या असतात, आत धूळ, काजळी, कोळ्याचे जाळे किंवा रंग असतो. ताज्या भेगेच्या कडा धारदार असतात आणि आतला गिलावा बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा स्वच्छ, फिकट दिसतो. नंतर पाहावे की भेग फक्त गिलाव्यात आहे की खालच्या विटेतही उतरली आहे. गिलाव्यातल्या केसासारख्या भेगा ९० वर्षांच्या घरात असतातच. त्या आकुंचनाच्या, उन्हापावसाच्या आणि वयाच्या असतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग मात्र पाया हलल्याची शक्यता सांगते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

आता मोजणीविषयी. भेग आज किती रुंद आहे, यापेक्षा ती गेल्या महिन्यापासून किती बदलली, हे कितीतरी महत्त्वाचे असते. ९० वर्षांच्या भिंतीत ३ मिलिमीटरची स्थिर भेग असेल तर मी ती भरून घ्यायला सांगेन आणि निश्चिंत राहीन; पण अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत दीड मिलिमीटर झाली, तर मी त्याच दिवशी जिना चढून आपल्या घरी येईन. हा बदल डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन छोटे पितळी स्क्रू त्रिकोणात बसवून घ्यावेत आणि त्यांच्यामधली अंतरे व्हर्नियर कॅलिपरने मोजावीत. डिजिटल कॅलिपर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा दाखवतो. तीन स्क्रू असल्यामुळे भेग नुसती रुंदावते आहे की तिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतही आहेत, हेही समजते. हा खटाटोप नको असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या, एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्यांचे भेगमापक मिळतात. एका पट्टीवर मिलिमीटरची जाळी आणि दुसरीवर फुलीची रेघ असते. तेही नसेल तर भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालावी, म्हणजे भेग पुढे सरकली तर निदान तेवढे तरी कळेल.

मोजणी आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी आणि सकाळच्या त्याच सुमारास करावी आणि आकड्याशेजारी त्या दिवसाचे तापमान न विसरता लिहावे. विटांची भिंत उष्णतेने आणि दमटपणाने फुगते, थंडीने आणि कोरडेपणाने आकसते. त्यामुळे निरोगी भिंतीतली भेगसुद्धा वर्षभरात थोडी उघडते आणि पुन्हा मिटते. हा ऋतूंचा श्वास नोंदीत दिसला नाही, तर पहिल्याच थंडीत आपण विनाकारण घाबराल. त्याहून वाईट शक्यता अशी की खरा बदल झाला तरी तो कोणी हवामानाच्या खाती टाकेल आणि त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याकडे काही नसेल.

आकड्यांचा अर्थ लावताना एक सर्वमान्य पट्टी हाताशी असावी. ब्रिटिश अभियंता जॉन बरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली विटांच्या घरांतल्या नुकसानीची जी वर्गवारी मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. १ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा त्यांनी अत्यंत किरकोळ मानल्या, ५ मिलिमीटरपर्यंतच्या किरकोळ. ५ ते १५ मिलिमीटर हे मध्यम नुकसान, १५ ते २५ गंभीर आणि २५ च्या पुढे अतिगंभीर. या वर्गवारीचा खरा आधार दुरुस्ती किती सोपी किंवा अवघड आहे हा होता. भेगेची रुंदी ही त्यातली केवळ एक खूण आहे, हे त्यांनी स्वतःच बजावले होते. आपल्या पत्रात वर्णन केलेल्या बारीक भेगा या पट्टीच्या अगदी तळाशी बसतात. आज घाबरण्याचे कारण मला त्यांच्यात दिसत नाही.

याचा अर्थ धोका नाहीच, असा घेऊ नये. तो जेथे आहे तेथे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. लोक ३४ या आकड्याला घाबरतात. मी फलकावरच्या ४ या आकड्याकडे आधी पाहतो. चार तळघरे म्हणजे साधारण १२ ते १५ मीटर खोल खड्डा. आपल्या इमारतीचा पाया, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, बहुधा जमिनीखाली एखाद-दोन मीटरवरच थांबलेला असेल. शतकानुशतके जी माती बाजूच्या मातीच्या आधाराने स्वस्थ होती, तिची एक बाजू आता काढून घेतली जाणार आहे. तिला धरून ठेवण्यासाठी आधी आधारभिंत बांधतात. ती एकमेकांत गुंतलेल्या काँक्रीटच्या पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांची असेल, जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्यांची असेल किंवा खोल चरात ओतलेल्या सलग काँक्रीटची असेल. पण कोणतीही आधारभिंत थोडीतरी आत झुकतेच, आणि ती झुकली की तिच्यामागची माती तिच्यापाठोपाठ येते. हा परिणाम खड्ड्याच्या कडेपासून खोलीच्या साधारण दोन ते तीन पट अंतरापर्यंत पोहोचू शकतो. कडेजवळ तो सर्वाधिक असतो आणि दूर जाताना विरतो, त्यामुळे आपल्या इमारतीची खड्ड्याकडची बाजू थोडी अधिक खचेल आणि मागची कमी. सगळी इमारत एकसारखी खचली तर सहसा काही बिघडत नाही. भिंत फाटते ती या असमान खचण्याने.

पाण्याचा विषय याहून कमी बोलला जातो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी भूजल उपसावे लागते. मातीच्या कणांमधले पाणी वरच्या ओझ्याचा काही भाग स्वतः पेलत असते. पाण्याची पातळी १ मीटरने उतरली की तिच्याखालच्या मातीच्या सांगाड्यावर दर चौरस मीटरमागे सुमारे १ टन अधिक भार येतो. वाळूत याचा परिणाम लवकर आणि थोडा दिसतो. मऊ चिकणमातीत तो हळूहळू, महिनोन्‌महिने आणि अधिक दिसतो. आपली इमारत लाकडी खुंटांच्या पायावर उभी असेल, तर मात्र पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. लाकूड कायम पाण्याखाली असेपर्यंत शतकेही टिकते. पाणी उतरून त्याला हवा लागली की बुरशी धरते आणि खुंटाचे डोके कुजू लागते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, जेथे भर घातलेल्या जमिनीवर लाकडी खुंटांवरची हजारो जुनी घरे आहेत, याच कारणासाठी भूजलाची पातळी विहिरींमधून नियमित मोजणारी स्वतंत्र संस्था १९८६ पासून काम करते आहे.

त्याच शहरातले ट्रिनिटी चर्च आपल्या प्रश्नाशी अगदी जवळचे आहे. १८७७ मध्ये पूर्ण झालेल्या या दगडी चर्चच्या पायाखाली सुमारे साडेचार हजार लाकडी खुंट आहेत. १९६८ मध्ये शेजारी जॉन हँकॉक या ६० मजली टॉवरसाठी खोदकाम सुरू झाले. आधारभिंत आत सरकली, भोवतालचे रस्ते आणि जमिनीखालच्या वाहिन्या खचल्या आणि चर्चच्या बांधकामाला तडे गेले. टॉवर १९७६ मध्ये पूर्ण झाला, पण चर्चला नुकसानभरपाई देण्याचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो १९८७ मध्ये. खोदकामाला प्रारंभ होऊन तोवर जवळपास दोन दशके उलटली होती. इतक्या काळात माणसे बदलतात, कंपन्या बदलतात, स्मरण पुसट होते. तारीख घातलेला कागद तेवढा तसाच राहतो. आपल्या मुलाला हे अवश्य सांगावे.

कंपनांबद्दल मात्र मी आपल्याला दिलासा देऊ शकतो. पाइलिंग सुरू झाले की कपाटातली भांडी किणकिणतील, पलंग थरथरेल आणि आता भिंत कोसळते असे वाटेल. माणसाचे शरीर या बाबतीत विलक्षण संवेदनशील आहे. जमिनीच्या हालचालीचा वेग सेकंदाला ०.३ मिलिमीटर झाला की घरात बसलेल्या माणसाला तो जाणवू लागतो आणि १ मिलिमीटरला लोक तक्रार करू लागतात. जर्मनीच्या प्रमाणकात मात्र कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी साध्या निवासी इमारतींची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आणि नाजूक वारसा इमारतींची ३ मिलिमीटर आहे. म्हणजे आपल्याला कंपन स्पष्ट जाणवते तेव्हाही ते बहुधा नुकसानीच्या मर्यादेच्या बरेच खाली असते. तरीही थरथर जाणवली की वेळ वहीत लिहावी, कारण कंपनमापकाच्या नोंदीही वेळेनुसारच असतात आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

आणि ते काचेचे डोळे. ते सर्वेक्षणाचे प्रिझम आहेत. दूर कोठेतरी पक्क्या जागी ठेवलेले टोटल स्टेशन नावाचे यंत्र त्यांच्यावर प्रकाशकिरण सोडते, परत आलेल्या किरणावरून अंतर आणि कोन मोजते आणि आपली भिंत किती खचली, किती कलली हे मिलिमीटरच्या हिशेबात सांगते. ते बसवले गेले याचा अर्थ आपल्या इमारतीवर लक्ष ठेवण्याची योजना झालेली आहे, आणि ही चांगली बातमी आहे. अशा योजनेत साधारणतः दोन पातळ्या आधीच ठरलेल्या असतात. पहिली ओलांडली की मोजणी वाढवायची आणि कारण शोधायचे; दुसरी ओलांडली की काम थांबवायचे. आपल्या इमारतीसाठी या दोन पातळ्यांचे आकडे काय ठरले आहेत आणि ते कोणी ठरवले, हे आपल्या रहिवासी मंडळाने लेखी विचारावे आणि मोजणीचे अहवाल दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मिळावेत अशी मागणी करावी. पहिल्या मोजणीचा आकडा, ज्याच्याशी पुढचे सगळे आकडे ताडले जाणार, तो खोदकामापूर्वीचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. प्रिझम असूनही पहिली मोजणी उशिरा घेतली गेली, तर आधी झालेले खचणे शून्यात जमा होते.

मंडळाने आणखीही काही गोष्टी पाहाव्यात. खोदकामापूर्वी प्रत्येक खोलीची संयुक्त पाहणी व्हावी, तिच्या छायाचित्रांवर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात आणि एक प्रत आपल्याकडे राहावी. आधारभिंतीला मागे खेचून धरणारे पोलादी अँकर आपल्या जमिनीखालून जाणार आहेत का आणि क्रेनचा हात आपल्या छपरावरून फिरणार आहे का, हे विचारावे; या दोन्हींसाठी बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याची संमती लागते, आणि विमा, दुरुस्ती व मोजणीच्या अटी पदरात पाडून घेण्याची आपल्या हातातली खरी संधी त्या संमतीतच असते. कायदा देशोदेशी वेगळा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खोदायचे असेल, तर किमान एक महिना आधी लेखी सूचना द्यावी लागते. आपल्याकडे अशी तरतूद आहे का, हे स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावे, आणि मंडळाने स्वतःचा स्ट्रक्चरल अभियंता नेमावा. विकासकाने पाठवलेला अभियंता प्रामाणिक असेल, असतोही. तरी तो आपला नसतो.

कोणत्या खुणा दिसल्या तर वही बाजूला ठेवून तातडीने हालचाल करावी, तेही सांगतो. एकाच आठवड्यात अनेक दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, जिना आणि भिंत यांच्यात नवी फट दिसणे, गिलाव्याखालच्या विटा फुटण्याचे आवाज येणे, भेग दिवसागणिक रुंदावणे, गॅसचा वास येणे किंवा खड्ड्याच्या आपल्या बाजूच्या कडेतून मातीसकट गढूळ पाणी आत येताना दिसणे. यांतली शेवटची खूण सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. आधारभिंतीतून स्वच्छ पाणी झिरपणे नेहमीचे आहे. पण पाण्याबरोबर माती वाहत असेल तर ती आपल्या पायाखालून येत असण्याची शक्यता असते. आपल्या खिडकीतून ते इतर कोणाच्याही आधी दिसू शकते. अशा वेळी साइटवरच्या अभियंत्याला, नगर प्रशासनाला आणि गरजेप्रमाणे अग्निशमन दलाला कळवावे आणि शंका असेल तर घराबाहेर पडावे.

आता खिडकीतल्या रोजच्या छायाचित्राकडे येतो. कॅमेऱ्याची जागा खिडकीच्या चौकटीवर खूण करून पक्की करा, झूम बदलू नका आणि चौकटीत नेहमी एखादी न बदलणारी वस्तू, उदाहरणार्थ समोरच्या जुन्या इमारतीची कंगणी, येऊ द्या. वहीत मत कमी आणि घटना अधिक लिहा. पाइल यंत्र कोणत्या कोपऱ्यात आहे, खड्ड्यात आडवे पोलादी टेकू कधी बसले आणि पुढे ते कधी काढले, पंप रात्रभर चालू होता की बंद होता. टेकू काढण्याचा दिवस विशेष महत्त्वाचा आहे, कारण तोवर टेकूने पेललेला मातीचा दाब त्या दिवशी तळघराच्या नव्या स्लॅबवर सोपवला जातो. त्या आठवड्यात भेगांची मोजणी एका वेळेऐवजी दोनदा करावी.

बांधकाम जमिनीच्या वर आले की शेजारच्यांच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा भाग बहुधा मागे पडलेला असतो, आणि लोकांचे लक्ष मात्र नेमके तेव्हा वाढते. मधोमध लिफ्ट आणि जिन्यांचा काँक्रीटचा गाभा आधी चढेल, त्याच्याभोवती मजले चढतील आणि एकदा लय बसली की काही दिवसांत एक मजला होताना दिसेल. ओले काँक्रीट इतक्या लवकर वरचा मजला कसे पेलते, अशी भीती वाटेल. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर ठरवतात, पण साधारण दोन-तृतीयांश ताकद ७ दिवसांतच आलेली असते आणि तोवर खालच्या दोन-तीन मजल्यांवर टेकू ठेवलेले असतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तिने अनेकांची झोप उडवली आहे. रात्री काम बंद झाल्यावर टॉवर क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर आपोआप फिरताना दिसेल. तो हलगर्जीपणा नाही. हाताचा ब्रेक मुद्दाम सोडलेला असतो, म्हणजे हात वाऱ्याच्या दिशेला वळतो आणि मनोऱ्यावर वाऱ्याचा कमीत कमी जोर येतो.

उंची वाढल्यावर जुन्या इमारतीपुढे वेगळे प्रश्न येतात आणि त्यांचा विचार फारच थोडे लोक वेळेवर करतात. आपल्या इमारतीला धुरांडी असतील तर शेजारच्या उंच भिंतीमुळे वाऱ्याचा प्रवाह बदलून धूर उलटा घरात येऊ शकतो. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात उंच भिंतीच्या पायथ्याच्या खालच्या छपरावर बर्फाचे ढीग साचतात आणि जुने छप्पर तेवढ्या भारासाठी बांधलेले नसते. काचेचा दर्शनी भाग अंतर्वक्र असेल तर परावर्तित ऊन एका जागी गोळा होते. लंडनच्या २० फेंचर्च स्ट्रीट या टॉवरने २०१३ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळवले होते आणि पुढे त्यावर सूर्यरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या. हे सगळे प्रश्न नकाशे मंजूर होत असताना विचारले तर स्वस्तात सुटतात.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचा संकोच मला पूर्ण समजतो. आपण विरोध केला होता तो दोन जुन्या इमारती पुसल्या जाण्याला, आपल्या खिडकीतला उजेड जाण्याला आणि आपल्याला न विचारता ठरवले जाण्याला. ती कारणे आजही तितकीच खरी आहेत, आणि काम पाहण्यात रस वाटल्याने त्यांतले एकही मागे घेतले जात नाही. १५ मीटर खोल खड्ड्यात उतरून पावसात टेकू जोडणाऱ्या माणसांचे कसब पाहून आदर वाटणे, ही नियोजनाच्या निर्णयाला दिलेली संमती नव्हे. मी तर म्हणेन की ज्याला रस वाटतो तोच नीट पाहतो. रागाने पाहणाऱ्याला प्रत्येक भेग नवी दिसते, आणि कंटाळलेल्याला ती दिसतच नाही. एक मात्र करावे. पाडलेल्या त्या दोन इमारतींची पूर्वीची छायाचित्रे आपल्याकडे किंवा शेजाऱ्यांकडे असतील तर ती याच वहीच्या सुरुवातीला लावावीत, कोणत्या खिडकीत कोण राहत होते हे आठवते तेवढे लिहावे. त्या भूखंडाची गोष्ट पाडकामाच्या दिवसापासून सुरू झालेली नाही आणि ती पहिली पाने लिहू शकणारी माणसे आज आहेत.

शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल एक शेवटची गोष्ट. उंच टॉवर स्वतःच्या वजनानेही जमीन दाबतो, आणि मऊ चिकणमातीत हे दाबणे इमारत पूर्ण झाल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवर्ती भागातला मिलेनियम टॉवर हा ५८ मजली, सदनिकांचाच टॉवर २००९ मध्ये खुला झाला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे ४० सेंटिमीटर खचला आणि कललाही आहे, हे लोकांना समजले २०१६ मध्ये. त्याचे पाइल खडकापर्यंत नेलेले नव्हते. पुढे दोन बाजूंनी खडकापर्यंत नवे पाइल घालून आधार देण्याचे काम २०२३ मध्ये पूर्ण झाले. सुयोग्य पाया असलेल्या टॉवरच्या बाबतीत असे होत नाही, म्हणून आपल्या शेजारच्या टॉवरचे पाइल कोठपर्यंत जाणार आहेत, हा प्रश्न मंडळाच्या पत्रात जरूर घालावा. आणि पडदे लागले, दिवे लागले, नवे रहिवासी राहायला आले, तरी भेगांची मोजणी थांबवू नये. आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा करावी, पण निदान दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे आणखी चालू ठेवावी. स्क्रू बसवण्यासाठी मात्र येत्या आठवड्याच्या पुढे जाऊ नये. पहिले तीन आकडे तापमानासह हाती आले की मला पाठवावेत, ते मी पाहीन.